गोळीवरची भाकर

काय सांगू ताई तुम्हाले, लिहून घ्यावं असं माह्या जिंदगीत काही झालं नाही, पन तुम्ही बसल्याच हाये तं सांगते, चहा मात्र थंड होऊ देऊ नका. माहं नाव इंदू. माहेर वणीच्या अलीकडं, वर्धा नदीच्या काठचं, बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार, माय निंदाले जाये. नदीच्या पल्याड कोळशाची खदान सुरू झाली तं तिथं पाळी सुटली का भोंगा वाजे, अन् त्या भोंग्यावर माही माय चूल पेटवे, घड्याळ कोनाच्या घरी होतं तेव्हा. मंग मले खदानीतलंच स्थळ आलं. बापानं इचारलं, पोराचं कसं काय हाये, तं मध्यस्थ म्हने, क्वार्टर हाये, लाइट हाये, दारात नळ हाये, महिन्याच्या महिन्याले पगार हाये, अन् हा थकला का याच्या पोराले नोकरी हाये. पाहा आता, माहं लग्न झालं नव्हतं, पोरगं पोटात नव्हतं, पन त्याची नोकरी पक्की होऊन गेली. माहा बाप खूश झाला. मीही खूश झाली, खोटं कायले बोलू, नळाचं ऐकून खूश झाली.

आमच्या ह्यायचं नाव महादेव. खाली टिंबर मिस्त्री होते. म्हंजे कोळसा काढला का वरचं छत मोकळं होते, त्याले लाकडाचे टेकू द्यायचे, ते काम. आधी सब्बलीनं, म्हंजे लोखंडी पहारीनं, छत ठोकून पाहायचं, टन्न वाजलं तं पक्कं, भद्द वाजलं तं पळा. छताचं सगळं ऐकू ये त्यायले, बायकोचं तेवढं ऐकू येत नव्हतं. तशे कॉलनीतल्या सगळ्याच मानसायचे कान गेले होते, मशीनचा आवाज दिवसभर, मंग घरी आले तरी ओरडून बोलत, त्यायच्या बायकाही ओरडत, बाहेरचं कोनी आलं तं त्याले वाटे इथं घरोघरी भांडन चालू हाये. आताही पाहा ना, मी इथं हॉलंडात, आइंडहोवनले धाकट्या पोराच्या घरी बोलली का धाकटी सून मृणाल उठून खिडकी लावून घेते. ती काही म्हनत नाही बिचारी, पुन्याची हाये, खिडकी लावते फक्त.

खाली बिडी चालत नाही, कोळशातला वायू भडकते, म्हनून सगळे खर्रा खात. तुमच्याकडं खर्रा माहीत नसन, सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून केलेला असते. तो एकदा गालात धरला का पाळी सुटेपर्यंत तिथंच. गालात धरून मानूस बोले, हसे, पानी पिये, समोरच्याले पत्ता लागत नव्हता. किती जनायचे गाल त्यानं सडले, मी पाह्यले ना डोळ्यानं. अन् वर आलं का गुळाचा खडा भेटे, गुळानं छातीतला कोळसा उतरते म्हनत. छातीतला उतरला का नाही देवाले माहीत, साखरेची बिमारी मात्र घरोघरी आली.

मी डोळ्यानं पाह्यले म्हनली ते कसं, तं गजानन, माहा थोरला, शाळेत जाऊ लागला अन् मी खदानीच्या दवाखान्यात आया म्हनून लागली. झाडू, फरशी, सुया उकळने, लोकायची लाइन लावने. धुळीवाले खोकत येत, पाठीवाले वाकून येत, साखरवाले, बीपीवाले, सगळे. पन खरी मजा मेडिकलच्या दिवशी. काही काही वर्सांनी सगळ्यायची तपासनी होये. लाइन एकच, पन मानसं दोन तऱ्हेचे. एक, ज्यायले बिमारी हाये अन् लपवायची हाये, कारन खाली उतरनं बंद झालं तं खालचा भत्ता जाते. ते कितीक दिवस आळनी खात, लसून चघळत, अन् बाकावर डोळे मिटून असे बसत का ध्यानालेच बसले. अन् दुसरे, ज्यायले बिमारी थोडी हाये अन् लय दाखवायची हाये. कारन खदानीचा नियमच तसा, मोठ्या डॉक्टरायचं बोर्ड बसते, त्यानं मानसाले अनफिट म्हनून लिहिलं का त्याच्या जागी त्याच्या पोराले नोकरी. हे लोक लोनचं खाऊन येत, खर्रा दुप्पट, अन् दवाखान्याच्या मागच्या जिन्यावर खालीवर पळत, का बीपी चढलं पाहिजे. मी झाडू घेऊन जिन्यात उभी, म्हनत होती, अरे पडशीन तं फुकट जाशीन. ते म्हनत, वहिनी, सरका बाजूले, पोराचा सवाल हाये. डॉक्टर हसे, कंपाउंडर हसे, मीही हसत होती. हसाचीच गोष्ट होती तेव्हा.

मंग आमच्या ह्यायलेच बीपी निघालं, खरंखुरं. डोकं दुखे, डोळ्यापुढं अंधारी ये. डॉक्टरनं गोळी सुरू केली, रोज एक, जन्मभर. मी माह्या हातानं देत होती. गोळीनं बीपी उतरलं, मानूस चांगला झाला, अन् तिथंच सगळं बिघडलं ताई. कारन गजानन तवर दहावीत दोनदा आपटून घरी बसला होता, वरून आम्ही त्याचं लग्न करून देल्लं, वाटलं अंगावर पडलं का सुधरन, तं काम नाही अन् बायकोले दिवस गेलेले. धाकटा प्रशांत हुशार, पन तो लहान. ह्यायच्या मनानं घेतलं का बीपी तं देवानंच देल्लं हाये, आपन काही चोरी नाही करून राह्यलो. गोळी थांबवतो, बोर्डापुढं जातो, अनफिट होतो, पोरगं लागते, मंग गोळी पुन्हा चालू. थोड्या दिवसाचा तं सवाल हाये. हे त्यायनं गजाननले सांगतलं. मले नाही सांगतलं, मी दवाखान्यातली, मी बोंब मारली असती.

मी रोज गोळी देत होती. ते माह्या डोळ्यापुढं तोंडात टाकत, वरून पानी पीत, माह्याशी चार गोष्टी बोलत, अन् दाराबाहेर जाऊन थुंकत. गालात धरायची सवय सारी जिंदगीची. अन् बोर्डाची तारीख आली तं मोठे डॉक्टर बदलून गेले. पुढची तारीख आली तं संप झाला. त्याच्या पुढची आली तं कोन्या साहेबाच्या घरी लग्न. दर वेळी ह्यायनं मनात म्हनलं असन, आता एवढे काढले, अजून थोडे काढू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आंघोळीले बसले अन् तांब्या हातातून सुटला. मी आतून ओरडली, काय पाडलं आता. उत्तर नाही आलं. जाऊन पाह्यलं तं तोंड एका अंगाले गेलं होतं अन् पानी वाहून राह्यलं होतं. मी दवाखान्यातली, मले कोनी सांगाची गरज नव्हती. लकवा.

मंग बोर्ड बसलं, तेव्हा बरोबर वेळेवर बसलं. ह्यायले खाटेवर घालून नेलं. मोठ्या डॉक्टरनं त्यायचा हात वर उचलला, सोडला, तो पडला. लिहिलं, अनफिट. लाइनीतले लोक मले म्हनाले, चला वहिनी, काम झालं. ते काही वाईट नव्हते बोलून राह्यले ताई, त्यायले खरंच वाटलं का काम झालं. अन् झालंच ना. गजानन लागला. पह्यल्या पाळीले जायच्या आधी पाया पडाले आला, तं ह्यायनं चालता हात त्याच्या डोक्यावर ठेवला अन् हसले, अर्ध्या तोंडानं. मले ते हसू अजून दिसते. अर्धं अंग गेलेलं मानूस असं हसून राह्यलं का जसं काही जिंकून आलं. मी मागच्या दारी जाऊन लय रडली, गजाननही माह्या मागं आला अन् रडत रडत त्यानं सांगतलं, आई, बाबा गोळ्या थुंकत होते, मले माहीत होतं. काय करू मी त्याचं, मारू का जवळ घेऊ. जवळ घेतलं. कोवळंच होतं पोरगं.

पुढं कितीक वर्सं मी त्यायचं केलं. भरवनं, कूस बदलनं, पाठीले जखम होऊ नये म्हनून पावडर, अन् त्यातून दवाखान्याची ड्यूटी. वाचा गेलती, एक हं तेवढा राह्यला होता. कधी राग आला का मी म्हनत होती, छताचं ऐकलं जिंदगीभर, माहं एक दिवस ऐकलं असतं तं काय गेलं असतं. मंग ते रडत. मंग मलेच कसंतरी होये, मी तोंड पुसून देत होती अन् म्हनत होती, जाऊ द्या, गजाननचा पगार झाला आज. हे आयकलं का रडनं थांबे. प्रशांत बारावीले होता तेव्हा ते गेले.

अन् हेही सांगते, हे लपवून काय करू. प्रशांत शिकला तो गजाननच्या पगारावर. गजानन खाली कोळसा काढे अन् वर भाऊ शिकवे, कॉलेजची फी, पुन्याची खोली, पह्यलं कम्प्युटर, सगळं. तोच प्रशांत आता इथं मशीनच्या कंपनीत हाये, चिप का काय बनवतात त्या मशीनी, त्याचं घर हाये, गाडी हाये, तुमच्यासारखे शेजारी हाये. हे सगळं कुठून निघालं, तं त्या अनफिटमधून निघालं. म्हनून कोनी मले इचारलं का तुह्या नवऱ्यानं बरोबर केलं का चूक, तं मी गप राहते. मले दोन्ही तोंडानं बोलता येत नाही.

इथं आली ती मृणालच्या दुसऱ्या बाळंतपनासाठी. पह्यली नात सई, ती माहं सगळं समजते अन् उत्तर इथल्या भाषेत देते. मी म्हनते, ये माय, भाकर खा, तं म्हनते, नेई आजी. नेई म्हंजे नाही, एवढं डच मले आलं. मृणाल पोट एवढं पुढं आलेलं घेऊन सायकल चालवे, मी दारात डोळे मिटून उभी. अन् घरातला जिना, बाप्पा, तो जिना हाये का शिडी, मी बसून उतरते. एक दिवस त्याच जिन्यावर मले गरगरलं, तं मृणालनं मले इथल्या डॉक्टरकडं नेलं, हाउसआर्ट्स म्हनतात त्याले, म्हंजे आपल्या घराचा बांधलेला डॉक्टर. तो सहजासहजी औषध देत नाही, मृणाल म्हने, आई, इथे काहीही झालं तरी पॅरासिटामॉल आणि पाणी. पन माह्या दंडाले पट्टा लावला अन् त्याचं तोंड बदललं. मलेही बीपी. मी त्या बीपीले म्हनलं, या म्हना, तुमचीच वाट पाहून राह्यली होती.

तो डॉक्टर उंच, म्हातारपनाकडं झुकलेला, स्वेटरवाला. घरात कोनाले होतं का म्हने बीपी, तं मृणालनं ह्यायची गोष्ट सांगतली, का गोळी थांबवली होती. काहून थांबवली? नोकरीसाठी. म्हंजे नोकरी जाईन म्हनून? नाही, नोकरी मुलाले भेटावी म्हनून. त्याले समजेना. तो म्हने, आमच्याकडं मानूस कामाच्या लायक नाही राह्यला तं त्याले घरी बसून पैसे भेटतात, पन त्यात मुलाचा काय संबंध, मुलगा तं आजारी नाही. मृणालनं पुन्हा सांगतलं, तो पुन्हा तेच. मी म्हनलं, राहू दे माय, शहान्या मानसाले हे समजनार नाही. तं त्यानं दंडाचा पट्टा गुंडाळून ठेवला अन् म्हने, माहे वडीलही कोळशाच्या खदानीत होते, इकडं दक्षिनेकडं होत्या खदानी, आता सगळ्या बंद झाल्या. छातीत धूळ भरली होती त्यायच्या. खदान बंद झाली त्या दिवशी बाप टेबलावर डोकं ठेवून रडला अन् आई भांडे घासत गाने म्हनून राह्यली होती. ती बाई मी कधी पाह्यली नाही, पन मले ओळखीची वाटली. त्यानं मलेही गोळी देल्ली, रोज एक.

आता गजाननचं सांगते. त्यानं बापाचं सगळंच घेतलं, नोकरी घेतली, क्वार्टर घेतलं, बीपीही घेतलं. मी तिथं होती तोवर त्याची गोळी माह्या हातात. पह्यल्या पाळीवरून आला, आंघोळ केली, ताटावर बसला का आधी गोळी अन् लगेच वरून भाकरीचा घास, माह्यासमोर चावून गिळायचा. कारन गोळी गालात ठेवून मानूस पानी पिऊ शकते, बोलू शकते, भाकर नाही चावू शकत. ही गोष्ट मले एका मानसाच्या जिवावर समजली हाये. तो हसे, म्हने, आई, मी का लहान हाये. मी म्हनत होती, चाव.

इकडं आली तं हे कसं करायचं. मंग फोन. तो जेवाले बसते तेव्हा इथं दुपार होऊन राह्यली असते. प्रशांत तुर्की दुकानातून ते कार्ड आने, नखानं खरवडून आकडे दाबायचे, मंग लागे. थोरली सून मोबाइल त्याच्या तोंडाजवळ धरे, अन् मी इकडं कान लावून. गोळी टाकली का? टाकली. मंग भाकर. ज्वारीची कडक भाकर चावल्याचा आवाज इथवर येते ताई, वणीपासून इथवर. कार्ड भाकर चावन्यातच संपून जाये. प्रशांत म्हने, आई, लोक फोनवर बोलतात, तू जेवणं ऐकतेस. मी म्हनलं, तुले काय समजते.

एक दिवस थोरली सून हळू आवाजात म्हने, आई, सागरच्या बाबानं बोर्डाले अर्ज केला हाये, तारीख आली. नातू सागर, त्याच्या आज्यानं गोळ्या थुंकल्या तेव्हा जो सुनेच्या पोटात होता, तोच, तो आता बारावी नापास होऊन गेटसमोर मोबाइल रिचार्जच्या टपरीवर बसते. खदानीत आता नवीन भरती नाही, बोर्डही कडक झालं, पन बीपी चढलेलं अन् वडिलाले त्यानंच लकवा मारलेला, असं असलं तं होऊन जाते म्हनतात. मी म्हनलं, फोन दे त्याले.

तो म्हने, आई, फक्त बोर्डापर्यंत. आता तारखा पुढं जात नाही, आता सगळं कम्प्युटरवर हाये. मी म्हनलं, तुहा बापही हेच म्हनला. तो म्हने, बाबांनी केलं म्हनून मी खातो, बाबांनी केलं म्हनून प्रशांत तिथं बसला हाये अन् तू त्याच्या घरात बसून मले नाही म्हनतेस. बाबांनी माह्यासाठी केलं, मी माह्या पोरासाठी करू नको? खरं बोलला ना तो. प्रशांत बाजूलेच बसला होता, त्यानं सगळं ऐकलं, फोन घेतला, म्हने, दादा, सागरचं मी बघतो, त्याला पुण्याला कोर्सला टाकू, तू गोळ्या बंद करू नकोस. तिकडून गजानन म्हने, तू कोर्स देशीन, नोकरी देशीन का? खदानीची नोकरी जन्माची हाये. अन् फोन ठेवला. प्रशांत जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला, लय वेळ तिथंच बसून राह्यला, मृणालनं हाक मारली तरी उठला नाही.

दुसऱ्या दिवशी फोन लावला तं भाकर नाही. म्हने, भूक नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी उचललाच नाही. मी काय करू, किती समुद्र मधात. मी रागावू शकत नाही, हात धरू शकत नाही, तोंड उघडून पाहू शकत नाही. मंग मी माही गोळी बंद केली. लपवून नाही, सगळ्यायसमोर. डॉक्टरनं देल्लेली डबी टेबलावर ठेवली अन् प्रशांतले म्हनलं, त्याले सांग, तू जेव्हा घेशीन तेव्हा मी घेईन. प्रशांत घाबरला, ओरडला, आई, हा काय वेडेपणा आहे, इथे काही झालं तर? मी म्हनलं, तिथं काही झालं तं? मृणाल रोज डबी समोर आनून ठेवे, डोळ्यात पानी, म्हने, आई, माझ्यासाठी घ्या, बाळाकडे बघून घ्या. ओली बाळंतीन ती, तिले रडवलं मी. पन मी ह्यायचीच बायको ना, हट्ट शिकाले मले दुसरीकडं कुठं जायचं होतं. डोकं ठनके, जिन्यावर डोळ्यापुढं काजवे दिसत, मी नुकती झालेली नात मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहत होती, का पडली तं पोरगी घेऊन तरी पडू नये, म्हनून मंग तिलेही घेनं सोडलं.

शेवटी फोन गजाननचाच आला. प्रशांतनं त्याले काय सांगतलं मले माहीत नाही. नुस्ती भाकर चावल्याचा आवाज. चावत होता अन् रडून राह्यला होता, दोन्ही ऐकू ये. मीही इकडं माही गोळी टाकली, मृणालनं पोळी आनून देल्ली, मीही चावली. असं आम्ही मायलेक फोनवर जेवत राह्यलो बोर्डाच्या तारखेपर्यंत, रोज. बोलनं काही नाही.

तारीख झाली. मी फोन लावला तं थोरल्या सुनेनं उचलला. म्हने, आई, फिट. बीपी एकदम बरोबर निघालं. डॉक्टरनं पाठ थोपटली म्हने, असेच औषध घेत जा, रिटायर होईपर्यंत काही होत नाही तुम्हाले. ती रडून राह्यली होती. पन कायले रडून राह्यली होती मले समजलं नाही, नवरा वाचला म्हनून का पोरगं टपरीवर राह्यलं म्हनून, तिले तरी कुठं समजलं असन. मंग गजानननं फोन घेतला. म्हने, आई, तुह्या भाकरीनं माह्या पोराची भाकर गेली. एवढंच. तेव्हापासून तो माह्याशी बोलला नाही.

प्रशांत सागरसाठी कोर्स पाहून राह्यला, पुन्यात खोलीही पाहून ठेवली, पन तिकडून कोनी हो म्हनत नाही. सून फोन घेते. मी इचारते, गोळी घेते का तो. ती म्हनते, घेतात. मी म्हनते, वरून भाकर? ती म्हनते, हौ आई. आता ती खरं सांगते का माही समजूत काढते, मी इथं बसून कशी सांगू. एकदा म्हनलं, फोन त्याच्या तोंडाजवळ धर. ती म्हने, आई, राहू द्या ना आता. मी राहू देल्लं.

पुढच्या हप्त्यात मी जाते ताई. प्रशांत म्हनते, आई, व्हिसा वाढवू, इथला डॉक्टर चांगला आहे, तिथे जाऊन काय करणार, दादा तर बोलतही नाही. खरं हाये. नागपूरच्या स्टेशनावर मले घ्याले तो येईन का सागरले पाठवीन का कोनीच येनार नाही, सांगता येत नाही. आला नाही तं मी बसनं जाईन, वणीची बस मले पाठ हाये. क्वार्टरमध्ये तो एका खोलीत अन् मी एका, असं राहू. ताटावर तो बसन तेव्हा मी समोर बसीन. तोंड फिरवून खाईन तं फिरवून खाऊ दे, कानानं समजते मले आता.

सागरचं वाईट वाटते मले, लय वाटते. त्या लेकरानं काय केलं, त्याच्या वाट्याचा आजाही गेला अन् नोकरीही गेली. त्याचंही देव काही तरी करन. तुमच्या घराचं चांगलं होवो, तुमचे साहेब, तुमचं लेकरू सुखी राहो, अन् तुमच्या साहेबायचंही एकदा बीपी पाहून घ्या, दिवसभर खुर्चीत बसून असतात. माहं काय, मले आता कोनी गोड बोलावं असं काही राह्यलं नाही. गजानननं मले शिव्या द्याव्या, लोकायले सांगावं का माह्या मायनं माह्या पोराचं नुकसान केलं, मी मेली तं खांदा नाही देल्ला तरी चालन. फक्त त्याचे केस पांढरे व्हावे, दात पडावे, काठी यावी हातात. मले शिव्या देत देत म्हातारा हो बापा.